गोळी बंद, दूध चालू

पत्र वसमत तालुक्यातून आलंय. वहीच्या पानांवर दोन्ही बाजूंनी लिहिलेलं, आणि भावाने मोबाईलवर फोटो काढून पाठवलेलं. नाव-गाव गाळून, थोडं आवरून देते.

"ताई, माझं वय 23. पहिलं बाळंतपण, माहेरी आहे. मुलगी 27 दिवसांची आहे. मला नववीत असल्यापासून फिट येतात. आधी सोडियम व्हॅल्प्रोएट होती. लग्न ठरल्यावर नांदेडच्या मेंदूच्या डॉक्टरांनी ती बदलून लेव्हेटिरासिटाम दिली, सकाळी 500, रात्री 500. सहाव्या महिन्यात 750 केली. दोन वर्षांत एकही फिट नाही. परवा गोळ्या संपल्या म्हणून भावाला पाठवलं तर मेडिकलवाल्या पोराने विचारलं, बाळंतीण आहे का? मग मोबाईलमध्ये बघून म्हणाला, ही गोळी 'सी' वर्गात येते, पाकिटातल्या कागदावर पण लिहिलंय की अंगावर पाजणाऱ्या बाईला देऊ नये. माय म्हणाली, एक तर गोळी सोड नाहीतर पाजणं सोड, लेकरू मंद निघालं तर कुणाच्या माथी? मी गोळी सोडली. चार दिवस झाले, काही झालं नाही. मायने एका वैदूकडून आकडीवरची पुडी आणलीय, जडीबुटीची आहे म्हणे. काढा चालूच आहे. सव्वा महिना झाला की सासरी जिंतूरकडे जायचंय. ह्यांना माझं दुखणं माहीत आहे, सासूबाईंना नाही. तिथे मी गोळ्या तांदळाच्या डब्यात ठेवत होते. माझा प्रश्न एकच आहे. ही गोळी लेकराला चालते हे कुणी तपासलंय का? आणि तपासलं तर कुणावर?"

लेकी, तुझं पत्र वाचलं त्याच संध्याकाळी मी तुला फोन केला होता. बाकीच्या वाचकांचा जीव टांगणीला लागू नये म्हणून आधी तेवढं सांगून टाकते. पुडी उघडायची नाही, काल-परवाच्या गोळ्या भरून काढायला दोन-दोन घ्यायच्या नाहीत, आणि आत्ता फोन ठेवून नांदेडला डॉक्टरांना लाव, एवढंच मी म्हणाले होते. डॉक्टरांनी त्याच रात्रीपासून गोळी सुरू करायला सांगितली आणि 750 ची पुन्हा 500 केली. ते का, हे पुढे येईल. पाजणं चालू ठेवायलाही त्यांनीच सांगितलं.

हे सगळं फोनवर पाच मिनिटांत उरकलं. पण तुझा शेवटचा प्रश्न पाच मिनिटांचा नव्हता. मी औषधशास्त्र शिकवण्यात नोकरी घालवली. एमबीबीएसच्या पोरांनी परीक्षेसाठी वर्गवाऱ्या पाठ केल्या, पण "तपासलं तर कुणावर?" हे विचारणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले. तू विचारलंस, तेही बाजेवर बसून. म्हणून आजचं पूर्ण सदर तुझं.

गरोदर बाईवर नवं औषध मुद्दाम चाचणीसाठी वापरून बघायचं, असं सहसा कुणी करत नाही. यामागे एक जुनी आणि फार वाईट गोष्ट आहे. 1957 साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाची गोळी बाजारात आली. झोपेसाठी, आणि गरोदरपणातल्या मळमळीसाठीसुद्धा. इतकी सौम्य की डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळायची. पुढच्या चार वर्षांत हात-पाय नीट न वाढलेली मुलं जन्माला येऊ लागली, जगभरात दहा हजारांहून जास्त. 1961 च्या अखेरीस ती बाजारातून काढली. अमेरिकेत मात्र ती विकायला परवानगी मिळालीच नव्हती. तिथल्या औषध प्रशासनात फ्रान्सिस केल्सी नावाच्या बाई होत्या. कंपनी पुरावा नीट देत नाही म्हणून त्यांनी फाईल अडवून धरली, कंपनीने तगादा लावला तरी सोडली नाही. हे मी वर्गात सांगायची तेव्हा मागच्या बाकावरची पोरंही मान वर करायची.

त्या धक्क्यानंतर दार इतकं घट्ट लावलं गेलं की 1977 साली अमेरिकेने ज्या बाईला मूल होऊ शकतं अशा कुठल्याही बाईला औषधाच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळायला सांगितलं. गरोदर असो वा नसो. 1993 मध्ये तो नियम मागे घेतला. हेतू चांगला होता. पण त्याचा परिणाम असा झाला की बायांना दिवस गेल्यावर दमा थांबला नाही, फिट थांबल्या नाहीत, थायरॉईड थांबलं नाही, आणि त्यांना लागणाऱ्या औषधांबद्दल कुणी विचारूनच ठेवलं नाही.

मळमळीचीच दुसरी एक गोळी आहे, तिची गोष्ट उलटी आहे आणि ती कमी लोकांना ठाऊक असते. डॉक्सिलामीन आणि बी-6 जीवनसत्त्व. आपल्याकडे तिसऱ्या महिन्यात उलट्यांनी हैराण झालेल्या बाईला आजही सर्रास हीच देतात. तुझ्या आशाताईला नाव विचार, ती सांगेल. अमेरिकेत या गोळीवर व्यंग निर्माण करत असल्याचा आरोप झाला, खटल्यांवर खटले उभे राहिले. अभ्यास सांगत होते की तसं काही दिसत नाही. तरी खटल्यांना कंटाळून 1983 मध्ये कंपनीने ती बंद केली. ती गेल्यावर जन्मदोष कमी झाले नाहीत. उलट्यांमुळे दवाखान्यात भरती होणाऱ्या गरोदर बाया मात्र वाढल्या. 2013 मध्ये तीच गोळी पुन्हा मंजूर झाली, मधली तीस वर्षं बायांनी नुसती ओकून काढली.

या दोन गोळ्या मी फळ्यावर शेजारी-शेजारी लिहायची. थॅलिडोमाइडची धास्ती सगळ्यांनी घेतली, ती घ्यायलाच हवी होती. दुसरीचा हिशोब मात्र कुणी मांडत नाही, कारण औषध न दिल्याने झालेलं नुकसान कुणाच्या नावावर लागत नाही. तुझी माय म्हणाली ना, लेकरू मंद निघालं तर कुणाच्या माथी? तिचं चुकलं नाही, तिला पोटची पोरही आहे आणि नातही. पण उद्या रात्री पाजताना तुला फिट आली आणि पोरगी हातातून सुटली, तर ते कुणाच्या माथी, हे ती विचारत नाही. मेडिकलवाला पोरगाही विचारत नाही. आणि पाकिटातला कागद तर कधीच विचारणार नाही.

त्या कागदाबद्दल बोलू. तिथलं इंग्रजी वाक्य साधारण असं असतं: पाजणाऱ्या मातांमध्ये सुरक्षितता सिद्ध झालेली नाही, शिफारस नाही. कंपनीने पाजणाऱ्या बायांवर चाचणी केलेलीच नसते, म्हणून ती स्वतःला सोयीचं वाक्य छापून मोकळी होते. "आम्ही बघितलं नाही" एवढाच त्याचा अर्थ. दुकानातल्या पोराने तो "घातक आहे" असा वाचला.

'सी' वर्गाचीही तीच कथा. अमेरिकेने 1979 मध्ये गरोदरपणातल्या औषधांना ए, बी, सी, डी आणि एक्स अशी अक्षरं दिली. लोकांनी ती शाळेच्या निकालपत्रासारखी वाचली, म्हणजे ए पहिल्या नंबरात पास, सी काठावर, एक्स नापास. मुळात सी चा अर्थ बहुतेक वेळा एवढाच होता की माणसांमधला पुरेसा अभ्यास नाही, प्राण्यांवर काहीतरी दिसलंय किंवा तेही बघितलेलं नाही. बाजारातली निम्मी-अर्धी औषधं त्याच डब्यात. आणि ही अक्षरं गरोदरपणासाठी होती, दुधासाठी नव्हतीच! अक्षरांनी गोंधळच वाढतोय हे लक्षात आल्यावर अमेरिकेने 2014 च्या डिसेंबरमध्ये नवा नियम आणला आणि जून 2015 पासून अक्षरं काढून टाकायला सुरुवात केली. त्याऐवजी काय माहीत आहे आणि काय नाही ते वाक्यांत लिहायचं. आपल्याकडच्या मोबाईल ॲपांत आणि दुकानांत ती अक्षरं अजून ठाण मांडून बसलीत. त्या पोराला माझा निरोप दे: त्याच मोबाईलवर 'लॅक्टमेड' शोध. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने 2006 मध्ये सुरू केलेली माहिती आहे, फुकट आहे. औषधाचं नाव टाकलं की आईच्या दुधात किती उतरतं, बाळाच्या रक्तात किती सापडलं, कुठल्या बाळाला काही त्रास झाला का, सगळं येतं. इंग्रजीत आहे, पण औषधाच्या दुकानात बसतो त्याला तेवढं इंग्रजी यायला हवं.

आता तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर. कुणावर तपासलं? तुझ्यासारख्याच बायांवर. त्यांना मुद्दाम गोळी देऊन नव्हे. ज्या घेतच होत्या, ज्यांना घ्याव्याच लागत होत्या, त्यांची नावं नोंदवून, त्यांच्यामागे वर्षानुवर्षं लागून.

आपल्या देशातही हे झालंय, हे मला मुद्दाम सांगायचंय. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत 1998 पासून फिट येणाऱ्या गरोदर बायांची नोंदवही चालू आहे. दिवस जायच्या आधी किंवा सुरुवातीच्या महिन्यांत बाईचं नाव घालायचं, कुठली गोळी किती हे लिहायचं, मूल झाल्यावर तपासायचं, पुढे त्याची वाढ बघायची. त्याच सुमारास, 1999 मध्ये, युरोपातून एक आंतरराष्ट्रीय नोंदवही सुरू झाली, तिचं नाव युरॅप. तिने 2018 मध्ये 7,355 गरोदरपणांचा हिशोब मांडला. प्रत्येक बाई फिटची एकच कुठलीतरी गोळी घेणारी, म्हणजे तुलना स्वच्छ. व्हॅल्प्रोएटवर असलेल्या बायांच्या शंभर बाळांमागे साधारण 10 बाळांत मोठा जन्मदोष. फेनोबार्बिटोन आणि फेनिटॉइनला सहाच्या वर. कार्बामाझेपिनला साडेपाच. लॅमोट्रिजिनला 2.9. आणि तुझ्या लेव्हेटिरासिटामला 2.8.

हा 2.8 नुसता वाचू नको. एकही गोळी न घेणाऱ्या, धडधाकट बायांच्या शंभर बाळांमागेही दोन-तीन बाळांत काही ना काही दोष निघतो. म्हणजे तुझी गोळी जवळपास त्याच रांगेत बसते. लग्न ठरल्याबरोबर तुझी व्हॅल्प्रोएट बदलणारा डॉक्टर हे जाणून होता. व्हॅल्प्रोएटने बाळाचा मणका आणि हृदय बिघडू शकतं, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मुलाची बुद्धी, बोलणं, वागणं यांवर परिणाम होतो. अशा शंभर मुलांपैकी तीस-चाळीस मुलांत वाढीचे प्रश्न दिसलेत. मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण 28 दिवसांत बंद होते, बाईला पाळी चुकल्याचं नीट कळेपर्यंत. म्हणून ही अदलाबदल दिवस जायच्या आधी व्हायला लागते. हे वाचणाऱ्या ज्या कुणाच्या घरात फिटवर व्हॅल्प्रोएट घेणारी वयात आलेली पोर आहे, त्यांनी लग्नाची बोलणी करण्याआधी हे बोलणं करावं. आणि व्हॅल्प्रोएट घेताना दिवस गेलेच असतील, तर घाबरून स्वतःच्या मनाने बंद करू नये. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जावं.

ही झाली पोटातली गोष्ट. दुधाची वेगळी आहे, आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. पोटात असताना बाळाला औषध नाळेतून येतं, आईच्या रक्तात जेवढं जवळपास तेवढं. दुधात मात्र ते गाळून येतं. बाळ दूध पिणार, ते पोटात जाणार, आतड्यातून रक्तात जाणार, मग यकृत आणि मूत्रपिंड त्याची विल्हेवाट लावणार. इन्सुलिनसारखी औषधं तर आतड्यातच मोडतात. म्हणून पोटात नको असलेलं औषध दुधातून चालू शकतं. खुद्द व्हॅल्प्रोएट पाजणाऱ्या आईला बहुतेक वेळा चालते.

तुझ्या गोळीबद्दल अंदाजावर राहायची गरज नाही, बाळांचं रक्त घेऊन मोजलेलं आहे. अमेरिकेतल्या मोनेड नावाच्या अभ्यासात फिटच्या गोळ्या घेणाऱ्या आया आणि त्यांची अंगावर पिणारी बाळं, दोघांचंही रक्त तपासलं. 2020 मध्ये ते छापून आलं. बाळांच्या रक्ताचे जवळपास निम्मे नमुने असे निघाले की औषध मोजताच येईना, इतकं कमी. लेव्हेटिरासिटाम घेणाऱ्या आयांच्या बाळांत आईच्या साधारण 5 टक्के. लॅमोट्रिजिनचं प्रमाण 29 टक्क्यांच्या आसपास, तरी तीही डॉक्टर लक्ष ठेवून देतात. पाच टक्के म्हणजे तुझ्या रक्तात रुपया असेल तर पोरीच्या रक्तात पाच पैसे. आणि तीच पोर नऊ महिने पूर्ण रुपया घेऊन वाढली, तेव्हा कुणी काही म्हटलं नव्हतं.

मायच्या "मंद" या शब्दालाही उत्तर आहे. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये मिळून झालेल्या आणखी एका अभ्यासात फिटच्या गोळ्या घेणाऱ्या आयांची 181 मुलं सहा वर्षांची होईपर्यंत बघितली. काहींना आईने अंगावर पाजलं होतं, काहींना नव्हतं. बुद्ध्यांक काढला तेव्हा पाजलेल्यांचा सरासरी 108 निघाला, न पाजलेल्यांचा 104. यावरून आईचं दूध आणि गोळी मिळून पोर हुशार होते असं मी म्हणणार नाही. पाजणाऱ्या आणि न पाजणाऱ्या घरांत शिक्षण, पैसा, वेळ असे दहा फरक असतात. अभ्यासकांनी ते जमेस धरले तरी सगळं कधीच धरता येत नाही. पण दुधातल्या औषधाने मुलं मंद होत असती तर आकडा उलट्या बाजूला झुकला असता. मायला एवढं वाचून दाखव. बाकी अक्षरं-आकडे गेले खड्ड्यात, एवढंच.

पोरीकडे लक्ष मात्र ठेवायचं. ती भलतीच झोपाळू झाली, पाजायला उठवलं तरी चोखेना, दिवसाला सहापेक्षा कमी लंगोट ओले होऊ लागले, वजन वाढेना, तर गोळी न थांबवता बालरोगतज्ज्ञाला दाखव. वजनाची सोय घरपोच आहे. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी यायचं असतं, काटा घेऊन. हे तुझं पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझी पाचवी भेट होती. आकडा वहीत लिहून घेतलास का?

तू लिहिलंस, चार दिवस काही झालं नाही. याच वाक्याने मला सगळ्यात जास्त घाबरवलं. फिटची गोळी अचानक सोडली की धोका त्याच दिवशी दार वाजवत नाही. तो जागरणाची वाट बघतो, आणि बाळंतिणीला जागरणं कमी नसतात. एकामागून एक, न थांबणाऱ्या फिट अशाच वेळी येतात. ब्रिटनमध्ये प्रत्येक मातामृत्यूची चौकशी करून अहवाल काढतात. त्यात फिटने दगावलेल्या बायांचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो, आणि त्यातल्या काहींनी बाळाच्या भीतीने गोळ्या कमी किंवा बंद केलेल्या असतात.

आणि डॉक्टरांनी 750 ची 500 का केली? गरोदरपणात मूत्रपिंडं जोरात काम करतात, गोळी लवकर बाहेर टाकतात, म्हणून मात्रा वाढवावी लागते. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत शरीर पूर्ववत होतं, तेव्हा ती उतरवावी लागते. नाहीतर आई पेंगते, चक्कर येते. ही तारीख तुझ्याही लक्षात राहिली नाही आणि दवाखान्याच्याही. आणखी एक, आणि हे इतर बायांसाठी: लेव्हेटिरासिटाम सुटली तर पुन्हा सुरू करणं तुलनेने सोपं. लॅमोट्रिजिन पाच-सहा दिवस सुटली तर एकदम पूर्वीची मात्रा घेता येत नाही, अंगावर जिवावर बेतणारं पुरळ उठू शकतं. म्हणून सुटलेली गोळी आपल्या मनाने सुरू करायची नाही, मेडिकलवाल्याच्या मनाने तर नाहीच.

पुडी. तुझ्या मायने गोळीला नकार दिला कारण तिच्यात काय आहे ते माहीत नाही, आणि पुडी आणली जिच्यात काय आहे ते वैदूलाच माहीत. आकडीवरच्या अशा "जडीबुटी"त फेनोबार्बिटोन कुटून मिसळलेलं सापडल्याचे प्रकार आपल्या देशात झालेत. म्हणजे फिटचंच जुनं औषध, मोजमाप न करता. ते दुधातून जाऊन बाळाला गुंगी आणतं. भस्मांचं वेगळं दुखणं: 2011-12 मध्ये न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याला सहा गरोदर बायांच्या रक्तात शिसं वाढलेलं सापडलं, सहाही जणींनी भारतातून आलेली आयुर्वेदिक औषधं घेतली होती. शिसं नाळेतूनही जातं, दुधातूनही. मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशोप, मेथी हे सगळं खुशाल खा, मीही खाल्लंय. काढा मात्र कुणी उकळला, बाटलीवर घटक लिहिलेत का, हे बघ, आणि लिहिलेले नसतील तर गोळीला लावला तोच नियम त्याला लाव. नावं लिहिलेला काढा असेल तर बाटलीचा फोटो डॉक्टरांना पाठव.

पुड्यांवरून आठवलं, तू विचारलं नाहीस तरी. मुलगी झालीय, तर पुढच्या खेपेला कुणीतरी कानात सांगेल की अमुक ठिकाणी मुलगा होण्याचं औषध मिळतं, दीड-दोन महिन्यांच्या आत घ्यायचं. 2011 च्या जनगणनेत आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे 807 मुली होत्या, तेव्हा अशा कुजबुजीला आपल्याकडे गिऱ्हाईक आहे. हरयाणात या औषधांचा अभ्यास झालाय. ती घेतलेल्या बायांच्या बाळांत जन्मदोष जास्त सापडले. घ्यायची वेळ आठवते ना? बरोबर अवयव घडतात तेव्हाची.

आता जिंतूर. गोळ्या तांदळाच्या डब्यात ठेवून संसार होतो, पण पाजणारी बाई आणि फिट हे एकत्र असताना घरातल्या एकाला तरी माहीत असावंच लागतं. नवरा दिवसभर शेतात असणार. हळद काढायचे, शिजवायचे दिवस आले की घरात तू, पोर आणि सासूबाई. सासूबाईंना सांगायचं काम तुझं नाही, तुझ्या नवऱ्याचं आहे. त्याला हे माहीत होतं, त्याने लग्न केलं, त्याने आईला सांगावं, तेही तू माहेरी असतानाच, म्हणजे पहिला राग तिकडेच निघून जाईल. कुणी घटस्फोटाची भाषा केली तर ऐकून ठेव: हिंदू विवाह कायद्यातून अपस्मार हा शब्द 1999 मध्ये काढून टाकलाय. फिट येतात म्हणून लग्न बाद ठरवायचं कारण कायद्यात उरलेलं नाही. पण लपवणं हे वेगळं भांडण होऊ शकतं, म्हणून नवऱ्याला सगळं माहीत होतं हे तूच पुढे कर. सगळ्याच सासवा तांडव करतात असं नाही. मला पत्र लिहिणाऱ्यांत अशाही आहेत ज्यांनी सुनेच्या गोळ्यांचा डबा स्वतःच्या देवघरात ठेवला, रोज आठवण राहावी म्हणून.

सासूबाईंना सांगताना हेही सांगून ठेवायचं: फिट आली तर कांदा हुंगवायचा नाही, चप्पल नाही, मुठीत किल्ली नाही, दातांत चमचा तर अजिबात नाही. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ सारायचं, पोर उचलून बाजूला न्यायची, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा लागोपाठ दुसरी आली, तर 108.

पोरीला पाजायचं ते खाली सतरंजीवर, भिंतीला पाठ टेकून, बाजेच्या काठावर बसून नाही. आंघोळ एकटीने घालायची नाही. तुझ्याकडे न्हाऊ-माखू घालणारी असेल तर तिला तू निघेपर्यंत ठेव, तिकडे सासूबाई घालतील. पोरीला घेऊन चुलीपुढे बसायचं नाही. आणि रात्रीची एक पाजणी, तू आधी काढून ठेवलेल्या दुधाची, नवऱ्याने वाटी-चमच्याने करावी, म्हणजे तुला सलग चार-पाच तास झोप मिळेल. हळद विकायला पहाटे बाजार समितीत जाऊन बसणाऱ्या माणसाला एक रात्र जागणं जड नाही. तुझ्यासाठी झोप हेही औषधच आहे, आणि तेवढ्या एकाला कुणी दुधात उतरतं का असं विचारणार नाही.

पाळणा लांबवण्याचं डॉक्टरशी बोलून घे. लेव्हेटिरासिटाम गर्भनिरोधक गोळ्यांच्या आड येत नाही. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन येतात, त्या बायांनी तांबी बसवून घेतलेली बरी. लोहाच्या लाल गोळ्या बाळंतपणानंतरही 180 दिवस घ्यायच्या असतात, त्या फिटच्या गोळीसोबत चालतात. कॅल्शियमची मात्र लोहाबरोबर घेऊ नको, एक सकाळी एक संध्याकाळी.

पोरीला औषधामुळे काही त्रास झाला असं कधी वाटलं, तर डॉक्टरला दाखवल्यावर 1800-180-3024 या नंबरवर कळव. औषधांच्या दुष्परिणामांची देशाची नोंद गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात होते, फोन फुकट आहे, बाईने स्वतः केला तरी चालतो. पुढच्या वर्षी वसमतच्या कुणा पोरीने हाच प्रश्न विचारला, तर उत्तर देणाऱ्याच्या हाताशी तुझ्यासारखीच्या नोंदी असतील.

निघायच्या आधी नांदेडहून चिठ्ठी मराठीत लिहून आण: गोळीचं नाव, मात्रा, "पाजताना चालते" हे शब्द, सही आणि शिक्का. तिच्या दोन प्रती काढ. एक जिंतूरच्या मेडिकलवाल्याला दाखवायला, दुसरी सासूबाईंजवळ. तीन महिन्यांच्या गोळ्या सोबत ने, संपायला दहा दिवस राहिले की पुढच्या आणायच्या. आणि बेचाळिसाव्या दिवशी काट्यावर पोर किती भरली, तेवढं मला कळव.